डॉट नेट फ्रेमवर्कचं क्युम्युलेटिव्ह अपडेट: पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी

फोंड्याच्या बाजारातलं औषधांचं दुकान घ्या, डिचोलीतली पतसंस्था घ्या किंवा म्हापशातल्या कर सल्लागाराचं ऑफिस घ्या. बिलं, खाती, पावत्या सांभाळणारा प्रोग्राम विंडोजवर चालतो, आणि असे कितीतरी प्रोग्राम डॉट नेट फ्रेमवर्कच्या जिवावर उभे असतात. ते फ्रेमवर्क आहे हे ऑफिसातल्या कुणाला ठाऊकही नसतं. अपडेटच्या यादीत एके दिवशी त्याचं नाव दिसतं आणि प्रश्न पडतो: हे बसवायचं की नको?

बसवायचं. पण वेळ बघून, आधी चार गोष्टी तपासून आणि परतीची वाट मोकळी ठेवून. नुकताच डिप्लोमा करून दोन-तीन ऑफिसांची मशीनं सांभाळायला लागलेल्यांसाठी, आणि 'तुला कॉम्प्युटर कळतो ना' म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी ही सगळी पद्धत पहिल्यापासून लिहितोय.

आधी ओळख करून घ्या

डॉट नेट फ्रेमवर्क मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये आणलं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला पडद्यावर खिडकी उघडणं, डेटाबेसशी बोलणं, छपाई करणं ही कामं प्रत्येक वेळी मुळापासून लिहावी लागू नयेत म्हणून तयार कोडचा हा साठा असतो, आणि प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारं इंजिनही त्यातच असतं. आज दोन आवृत्त्यांशी तुमची गाठ पडेल: ४.८, जी एप्रिल २०१९ मध्ये आली, आणि ४.८.१, जी ऑगस्ट २०२२ मध्ये आली. विंडोज १० च्या मे २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत ४.८ अंगचंच असतं; विंडोज ११ च्या २२एच२ पासून पुढे ४.८.१ अंगचं असतं. जुन्या प्रोग्रामांसाठी ३.५ ही आवृत्ती वेगळी चालू करावी लागते, आणि ती ४ च्या शेजारी स्वतंत्रपणे नांदते. ४ च्या घरातल्या आवृत्त्यांचं मात्र तसं नाही. तिथे नवी आली की ती जुनीची जागा घेते.

एक गल्लत इथेच टाळा. डॉट नेट ८, डॉट नेट ९, डॉट नेट १० अशी नावं दिसली तर ते निराळं प्रकरण आहे. त्यात 'फ्रेमवर्क' हा शब्द नसतो, त्याची अपडेटं वेगळी येतात आणि अनेक आवृत्त्या एकाच मशीनवर एकत्र राहू शकतात. प्रोग्रामवाल्याने 'डॉट नेट ४.८ पाहिजे' असं सांगितलं असेल आणि तुम्ही डॉट नेट ८ बसवून आलात, तर प्रोग्राम काही उघडणार नाही.

आता 'क्युम्युलेटिव्ह'. म्हणजे आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांसकट. पासबुकातल्या शेवटच्या ओळीतली शिल्लक जशी मागचे सगळे व्यवहार पोटात घेऊन असते, तसं हे अपडेट. मशीन वर्षभर कपाटात पडून होतं म्हणून बारा अपडेटं एकामागून एक बसवत बसायचं कारण नाही. सर्वांत ताजं एक बसवलं की मागचं सगळं आलं. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० पासून फ्रेमवर्कचं अपडेट विंडोजच्या मासिक अपडेटपासून वेगळं काढलं गेलं. ही सोय मोठी आहे. फ्रेमवर्कच्या अपडेटने एखादा प्रोग्राम बिघडला, तर तेवढंच काढता येतं, विंडोजच्या सुरक्षेच्या बाकीच्या दुरुस्त्यांना हात लावावा लागत नाही.

हे अपडेट आवृत्ती मात्र बदलत नाही. ४.८ असलेलं मशीन अपडेटनंतरही ४.८ च राहतं, फक्त दुरुस्त केलेलं. ४.८ वरून ४.८.१ वर जाणं हा वेगळा निर्णय आहे आणि तो प्रोग्रामवाल्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.

दिवस कुठला निवडायचा

मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेटं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, त्यामुळे ऑफिसच्या मशीनला त्याची चाहूल लागते ती बुधवारी सकाळी. फ्रेमवर्कचं अपडेट दर महिन्याला येतंच असं नाही, पण येतं तेव्हा बहुतेक वेळा याच दिवशी.

दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो, म्हणजे तो बुधवार ९ ते १५ च्या दरम्यान. आणि महिन्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख ११! कर सल्लागाराच्या ऑफिसात किंवा होलसेल दुकानात अपडेट नेमकं या गर्दीत दारात उभं असतं. अशा ठिकाणी माझा सल्ला ठरलेला आहे: ११ तारीख उलटू द्या, मग १२ ते १८ मधली एखादी संध्याकाळ धरा. २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचं विवरणपत्र, असतं, त्याच्या आदल्या दिवशी कशालाही हात लावू नका. हॉटेलवाल्यांना डिसेंबरचा शेवटचा आठवडा वर्ज्य. दुकानदाराला चवथीच्या आधीचा आठवडा वर्ज्य.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. जून ते सप्टेंबर वाळपई, सांगे, काणकोण भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अपडेट बसत असताना आणि विशेषतः रीस्टार्टच्या वेळी वीज गेली तर फायली अर्धवट राहतात. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर गडगडाट चालू असताना हे काम सुरू करू नका. यूपीएस असेल, तरी त्याची बॅटरी खरंच दहा-पंधरा मिनिटं टिकते का हे आधी बघून ठेवा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला.

दिवस निवडता यावा म्हणून विंडोज अपडेटच्या पानावर 'पॉज अपडेट्स' असतं. विंडोज ११ मध्ये एक ते पाच आठवडे थांबवता येतं. हे बटण तारीख सरकवायला वापरा. महिनोन्महिने अपडेट दाबून ठेवायला वापरू नका. या अपडेटांत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, आणि दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हे चोरालाही कळतं. पतसंस्थेच्या मशीनवर लोकांचे पैसे, आधार क्रमांक, सह्यांचे नमुने असतात. ते उघडं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

हात लावण्याआधी चार तपासण्या

पहिली, विंडोजची आवृत्ती. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'विनव्हर' (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर) टाइप करून एंटर मारा. छोटी खिडकी उघडते, तिच्यात विंडोज १० की ११, आणि २२एच२, २३एच२, २४एच२ असं काहीतरी दिसतं. ते कागदावर लिहून घ्या. विंडोज १० निघालं, तर लक्षात ठेवा की त्याचा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची सुरक्षा अपडेटं हवी असतील तर वाढीव योजनेत मशीनची नोंदणी लागते. फ्रेमवर्कचा पाठिंबा विंडोजच्या पाठिंब्याला बांधलेला असतो, त्यामुळे 'अपडेट दिसतच नाही' या तक्रारीचं कारण इथेही असू शकतं.

दुसरी, मशीन ६४ बिटचं की ३२ बिटचं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट. 'सिस्टिम टाइप' या ओळीत उत्तर असतं.

तिसरी तपासणी फ्रेमवर्कच्या आवृत्तीची, आणि नवखे सगळ्यात जास्त इथेच अडखळतात, कारण ही आवृत्ती दाखवणारी साधी खिडकी विंडोजमध्ये नाही. ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्जची नोंद ठेवतं त्या जागी, बघावी लागते. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रेजएडिट' (आर, ई, जी, ई, डी, आय, टी) टाइप करा. डाव्या बाजूला एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात नेट फ्रेमवर्क सेटअप, त्यात एनडीपी, त्यात व्ही४ आणि शेवटी फुल, असं एकेक उघडत जा. उजवीकडे 'रिलीज' नावाची ओळ दिसेल. तिच्यासमोर दोन आकडे असतात. पहिला सोळाच्या पद्धतीतला, तो सोडून द्या. कंसातला साधा आकडा वाचा. तो ५२८०४० किंवा जास्त असेल तर ४.८, आणि ५३३३२० किंवा जास्त असेल तर ४.८.१. विंडोज १० च्या २२एच२ वर अंगचं ४.८ असेल तर सहसा ५२८३७२ दिसतो. त्याच विंडोजवर कुणी ४.८.१ चढवलं असेल तर ५३३३२५. नुसतं बघा आणि खिडकी बंद करा. रजिस्ट्रीत काही बदलायचं नाही, काही पुसायचं नाही.

चौथी तपासणी माणसांशी बोलून करायची. या मशीनवर रोज कुठले प्रोग्राम चालतात, कुठला प्रिंटर, कुठलं डिजिटल सहीचं टोकन, हे सगळं विचारून यादी करा. मालकाला विचारून भागत नाही. त्यांना बिलिंगचा प्रोग्राम आठवतो, पण काउंटरवर बसणाऱ्या ताईंना बारकोडचं लेबल छापणारा तो छोटा प्रोग्रामही आठवतो, आणि अपडेटनंतर अडचण आलीच तर ती अशाच कोपऱ्यातल्या प्रोग्रामला येते.

यादी झाली की डेटाचा बॅकअप. बिलिंग प्रोग्रामचा स्वतःचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर ठेवलेल्या कॉपीला बॅकअप समजू नका, कारण डिस्क बहुधा एकच असते. सोबत सिस्टिम रिस्टोअर पॉइंट तयार करा, म्हणजे बिघाड झाला तर विंडोज आधीच्या स्थितीला नेता येईल. सी ड्राइव्हवर निदान दहा जीबी तरी मोकळी जागा असू द्या.

अपडेटचं शीर्षक वाचायला शिका

शीर्षक लांबलचक असतं आणि लोक ते वाचतच नाहीत. आपल्याला लागणारं सगळं मात्र त्यातच लिहिलेलं असतं. नमुना असा: २०२४-०७, क्युम्युलेटिव्ह अपडेट फॉर डॉट नेट फ्रेमवर्क ३.५, ४.८ अँड ४.८.१ फॉर विंडोज १० व्हर्जन २२एच२ फॉर एक्स६४, आणि शेवटी केबी व त्याच्यापुढे सात आकडे.

सुरुवातीचं वर्ष आणि महिना हे अपडेट कधीचं ते सांगतात. मग फ्रेमवर्कच्या आवृत्त्या. तीन नावं बघून घाबरू नका. तुमच्या मशीनवर ४.८ असेल तर तेवढाच भाग बसतो, ४.८.१ आपोआप येऊन बसत नाही. ३.५ चालू केलेलं नसेल तरी शीर्षकात ते नाव असतंच. पुढे विंडोजची आवृत्ती, ती तुम्ही कागदावर लिहिलेल्या आवृत्तीशी जुळली पाहिजे. एक्स६४ म्हणजे नेहमीचं ६४ बिट मशीन, एक्स८६ म्हणजे ३२ बिट, आणि एआरएम६४ हे काही नव्या लॅपटॉपांसाठी. शेवटचा केबी क्रमांक हा त्या अपडेटचा पत्ता.

शीर्षकात 'प्रीव्ह्यू' हा शब्द असेल तर थांबा. हे महिन्याच्या उत्तरार्धात येणारं ऐच्छिक अपडेट असतं. त्यात सुरक्षेची नवी दुरुस्ती नसते आणि त्यातले सुधार पुढच्या नेहमीच्या अपडेटमध्ये येतातच. कामाच्या मशीनवर ते बसवायची घाई नको. तुमची एखादी नेमकी अडचण त्यातच सुटलेली असेल, तरच त्याचा विचार करा.

बसवण्याचा सरळ रस्ता

एक-दोन मशीनं असतील तर विंडोज अपडेटनेच काम करा. प्रशासकाच्या खात्याने लॉगिन करा. बिलिंग प्रोग्राम, एक्सेल, ब्राउझर सगळं बंद. बिलिंगचा डेटा दुसऱ्या मशीनवरून उघडा असेल तर तिथेही बंद करायला सांगा. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, चेक फॉर अपडेट्स. यादीत फ्रेमवर्कचं शीर्षक वाचून घ्या आणि डाउनलोड होऊ द्या. विंडोजचं मासिक अपडेटही सोबत येतं; दोन्ही एकत्र बसायला हरकत नाही, कारण पुढे काढायची वेळ आली तर त्यांच्या नोंदी वेगळ्या असतात.

बसून झालं की रीस्टार्ट मागितला जातो. मेनूतला 'अपडेट अँड रीस्टार्ट' हाच पर्याय घ्या. संध्याकाळी 'शट डाउन' करून घरी जायचं आणि बाकीचं सकाळी काउंटरवरच्या माणसावर सोडायचं, असं करू नका. रीस्टार्ट पूर्ण होईपर्यंत तिथेच थांबा.

पाच-दहा मशीनं असतील तेव्हा

कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसात दहा मशीनं आणि इंटरनेटची लाईन एकच, असं असेल तर प्रत्येक मशीनवर तेच डाउनलोड करत बसणं वाया जातं. अशा वेळी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग वापरा. पत्ता आहे कॅटलॉग डॉट अपडेट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम, अर्थात इंग्रजी अक्षरांत. शोधाच्या चौकटीत केबी क्रमांक टाका, शीर्षक जुळवा, डाउनलोड दाबा. दुसऱ्या कुठल्याही साइटवरून ही फाइल घेऊ नका, ती कितीही वेगात उतरत असली तरी.

इथे एक गाठ आहे, ती हळूहळू सोडवू. विंडोज १० साठी डाउनलोड दाबलं की छोट्या खिडकीत एकाऐवजी जास्त फायली दिसतात. नावं सारखीच वाटतात, पण शेवटाकडे बघा: एकीत एनडीपी४८ असतं, दुसरीत एनडीपी४८१. पहिली ४.८ वाल्यांची, दुसरी ४.८.१ वाल्यांची. रजिस्ट्रीतला आकडा लिहून ठेवला होता तो यासाठीच. आणि या फायलींच्या नावातला केबी क्रमांक तुम्ही शोधलेल्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो. फाइल चुकलेली नाही. शीर्षकातला क्रमांक सगळ्या संचाचा असतो, फाइलच्या नावातला त्या एका आवृत्तीच्या अपडेटचा. दोन्ही लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

फाइल डॉट एमएसयू प्रकारची असते. पेन ड्राइव्हवर घ्या, मशीनच्या डेस्कटॉपवर उतरवा आणि डबल क्लिक करा. विंडोज स्वतः तपासतं आणि परवानगी विचारतं. पेन ड्राइव्ह दहा मशीनांत फिरणार असेल तर प्रत्येक वेळी अँटीव्हायरसने तपासा.

'हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही' असा निरोप आला तर चार शक्यता असतात: विंडोजची आवृत्ती जुळत नाही, बिट जुळत नाहीत, फ्रेमवर्कची आवृत्ती दुसरी आहे, किंवा यापेक्षा ताजं अपडेट आधीच बसलेलं आहे. शेवटची शक्यता लोक विसरतात आणि तासभर घालवतात.

दहाच्या दहा मशीनं एका संध्याकाळी करू नका. आधी एक निवडा, ज्यावर सगळे प्रोग्राम आहेत पण जे बंद पडलं तर दिवस अडणार नाही असं. त्यावर बसवा, दोन दिवस रोजचं काम होऊ द्या, बिल छापू द्या, अहवाल काढू द्या, मग बाकीची. वेब सर्व्हर असेल तर अपडेटच्या वेळी त्यावरची साइट बंद राहणार हे आधी सगळ्यांना कळवा आणि काम रात्री घ्या.

मशीन जड झालंय

रीस्टार्टनंतर असा फोन हमखास येतो: "दादा, अपडेट टाकल्यापासून मशीन नुसतं घोंघावतंय!" टास्क मॅनेजर उघडायला सांगा. तिथे एमएसकॉर-एसव्हीडब्ल्यू या अक्षरांचा किंवा 'डॉट नेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस' नावाचा प्रकार प्रोसेसर खाताना दिसेल. तो व्हायरस नाही. फ्रेमवर्कच्या फायली बदलल्या की त्या या मशीनच्या प्रोसेसरला थेट कळतील अशा रूपात पुन्हा तयार करून ठेवाव्या लागतात, म्हणजे प्रोग्राम लवकर उघडतात. तेच काम तो करत असतो. मशीन रिकामं असेल तेव्हा तो हे उरकतो आणि झालं की गप्प बसतो. जुन्या डिस्कच्या मशीनवर वेळ जास्त लागतो. त्याला मध्येच मारू नका. मारला तर काम राहतं आणि पुन्हा सुरू होतं. म्हणूनच काम संध्याकाळी घ्यायचं आणि रात्री तासभर मशीन चालू ठेवायचं.

बसलं की नाही

विंडोज अपडेटच्या पानावर 'अपडेट हिस्टरी' उघडा. शीर्षकासमोर 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' आणि तारीख असली पाहिजे. त्याच पानावर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, तिथे बसलेल्या अपडेटांची दुसरी यादी मिळते. या दोन याद्यांतले केबी क्रमांक जुळले नाहीत तर गोंधळू नका. इतिहासात संचाचा क्रमांक दिसतो, दुसऱ्या यादीत आवृत्तीचा. दोन्ही लिहून ठेवायला सांगितलं होतं ते याचसाठी.

रजिस्ट्रीतला तो 'रिलीज' आकडा अपडेटनंतर बदलला नाही म्हणून अपडेट बसलं नाही असा निष्कर्ष काढू नका. तो आकडा आवृत्तीचा आहे, मासिक अपडेटने तो हलत नाही. खात्रीच करायची असेल तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट डॉट नेट, त्यात फ्रेमवर्क६४, त्यात व्ही४.०.३०३१९ या फोल्डरमधली सीएलआर डॉट डीएलएल फाइल शोधा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. फाइल व्हर्जनचा आकडा अपडेटच्या आधी आणि नंतर बघितला तर पुष्कळदा वाढलेला दिसतो. फोल्डरचं नाव ४.०.३०३१९ च राहतं, मशीनवर ४.८ असो वा ४.८.१. आणि ४.८.१ च्या मशीनवर फाइलचा आकडा ४.८.९ पासून सुरू होतो, त्यात '४.८.१' शोधत बसू नका.

मग तुमच्या यादीतला एकेक प्रोग्राम उघडा. नुसता उघडून भागत नाही. एक बिल छापा, एक अहवाल पीडीएफ करा, टोकन लावून सही करून बघा.

बसत नसेल तर

आधी कुठलं अपडेट पडलं ते नीट वाचा. ०एक्स८००७०६४३ हा क्रमांक फ्रेमवर्कच्या अपडेटांत पुष्कळदा दिसतो, पण त्याचा अर्थ फक्त 'बसवताना चूक झाली' एवढाच आहे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजच्या रिकव्हरी विभागाच्या एका अपडेटनेही असंख्य मशीनांवर हाच क्रमांक दाखवला होता, आणि त्याचं कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा नसणं हे होतं. नुसता क्रमांक बघून उपाय शोधलात तर भलत्याच दुखण्याचं औषध घ्याल.

फ्रेमवर्कचंच अपडेट पडलं असेल तर साध्या उपायापासून सुरुवात करा. मशीन रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न. मग डिस्कवर जागा. मग विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर. तरी नाही, तर कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. इंग्रजीत डिझम (डी, आय, एस, एम), जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑनलाइन, पुन्हा जागा, तिरकी रेघ आणि क्लीनअप-इमेज, पुन्हा जागा, तिरकी रेघ आणि रिस्टोअरहेल्थ. यासाठी इंटरनेट चालू हवं, कारण बिघडलेल्या फायलींच्या जागी चांगल्या फायली तिथूनच येतात. मध्ये टक्केवारी बराच वेळ एकाच जागी थांबते, थांबू द्या. ते संपलं की एसएफसी, जागा सोडून तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ. हा क्रम उलटा करू नका, कारण दुसरी आज्ञा ज्या साठ्यातून फायली घेते तो साठा पहिली आज्ञा दुरुस्त करते. मग रीस्टार्ट आणि पुन्हा अपडेट.

०एक्स८००एफ०८१एफ दिसलं आणि तुम्ही ३.५ चालू करत असाल, तर त्याचा अर्थ लागणाऱ्या फायली सापडल्या नाहीत. इंटरनेट तपासा, किंवा त्याच आवृत्तीच्या विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोज बसवायची पूर्ण डिस्क एका फाइलमध्ये, हाताशी ठेवा. ३.५ नव्याने चालू केलंत तर नंतर पुन्हा एकदा चेक फॉर अपडेट्स दाबा.

विंडोज १० आणि ११ मध्ये ४.८ किंवा ४.८.१ अंगचंच असेल तर ते 'काढून पुन्हा टाकू' असं करता येत नाही. तसा सल्ला कुणी दिला, किंवा फोल्डरमधल्या फायली हाताने पुसायला सांगितल्या, तर ऐकू नका.

अपडेट बसलं, पण प्रोग्राम रुसला

असं क्वचित होतं, पण होतं. सुरक्षेची दुरुस्ती म्हणजे कधीकधी आधी चालणारी एखादी सैल वागणूक बंद करणं. जुलै २०२० च्या अपडेटने डेटासेट आणि डेटाटेबल (प्रोग्राम तक्त्यातली माहिती ज्यांत ठेवतो ते फ्रेमवर्कमधले साचे) यांत एक्सएमएल प्रकारच्या मजकुरातून कुठल्या प्रकारची माहिती वाचायची यावर बंधन आणलं. ज्या प्रोग्रामांत वेगळे प्रकार वाचले जात होते ते चुका दाखवू लागले. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर डब्ल्यूपीएफवर, म्हणजे फ्रेमवर्कमधल्या खिडक्या रंगवणाऱ्या भागावर, लिहिलेल्या काही प्रोग्रामांत एक्सपीएस (पीडीएफसारखा मायक्रोसॉफ्टचा प्रकार) कागदपत्रं नीट दिसेनाशी झाली. दोन्ही वेळा मायक्रोसॉफ्टने कारण आणि वाट लिहून दिली होती. म्हणून चुकीच्या खिडकीचा फोटो काढा, पूर्ण मजकुरासकट, आणि प्रोग्रामवाल्याला फोटो, दोन्ही केबी क्रमांक आणि विंडोजची आवृत्ती पाठवा. 'चालत नाही' एवढ्या दोन शब्दांवर कुणालाच काही करता येत नाही. मजकूर आणि क्रमांक दिलात तर चांगला प्रोग्रामर त्याच दिवशी उत्तर देऊ शकतो.

त्यांचं उत्तर येईपर्यंत काउंटर अडून राहत असेल तर अपडेट काढा. अपडेट हिस्टरी, अनइन्स्टॉल अपडेट्स, यादीत फ्रेमवर्कच्या आवृत्तीचा केबी क्रमांक शोधा, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. काढल्यावर लगेच 'पॉज अपडेट्स' एका आठवड्यासाठी लावा, नाहीतर विंडोज तेच अपडेट रात्रीतून परत आणतं. त्या आठवड्यात प्रोग्रामवाल्याच्या मागे लागा. पुढच्या क्युम्युलेटिव्ह अपडेटमध्येही हीच दुरुस्ती असणार, त्यामुळे प्रोग्राम दुरुस्त होणं अटळ आहे. पॉज संपण्याच्या आत त्यांच्याकडून नवी आवृत्ती किंवा तारीख लेखी घ्या, आणि मशीनच्या वहीत अपडेट कधी काढलं, कुणी काढलं आणि पुन्हा कधी बसवायचं ते लिहून खाली सही करा.